डोकेदुखीवरचा उपचार निवडताना: तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा

"गोळीने बरं वाटतं का?" असं डॉक्टरांनी विचारलं की मी अनेक वर्षं "हो" म्हणत आले. ते खोटं नव्हतं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत ठणका थांबायचा. पण उरलेला दिवस झापडीत जायचा, आणि रात्री कधीकधी तीच बाजू पुन्हा ठणकायला लागायची. हे मी कधी सांगितलं नाही, कारण औषध म्हटलं की एवढं चालायचंच असं मला वाटायचं. पुढे एका डॉक्टरांनी प्रश्न जरा वेगळा विचारला: "गोळी घेतल्यावर तुमचा बाकीचा दिवस कसा जातो?" त्या उत्तरावरून माझं औषध बदललं. आजार तोच होता, तपासण्याही त्याच होत्या. फरक पडला तो माझी खरी अडचण पहिल्यांदा टेबलावर आल्यामुळे.

डोकेदुखीवर आज बरेच उपचार आहेत. त्यांतले कितीतरी ताकदीने जवळजवळ सारखे आहेत. ते वेगळे ठरतात ते इतर बाबतींत: किती लवकर लागू पडतात, दुखणं परत उलटतं का, झोप येते का, वजन वाढतं का, रोज घ्यावे लागतात का. यांतलं तुम्हाला काय चालेल आणि काय चालणार नाही, हे कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं. ते कसं ठरवायचं आणि कसं सांगायचं, ते पायरी-पायरीने पाहू.

पायरी १: आधी धोक्याची डोकेदुखी बाजूला काढा

आवडीनिवडीचा विचार करायला वेळ आहे की नाही, हे आधी पाहायचं. पुढच्यापैकी काहीही असेल तर निवड वगैरे नंतर, आधी ताबडतोब डॉक्टर किंवा इमर्जन्सी विभाग: काही सेकंदांत शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी; ताप आणि मान आखडणं; हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, झटका येणं; डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली, कॅन्सर किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना आलेली, खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारी डोकेदुखीही लवकर दाखवायलाच हवी.

पायरी २: आपली डोकेदुखी कोणती, ते नावानिशी विचारा

"डोकं दुखतं" हे निदान नाही. निदानाशिवाय निवड म्हणजे अंधारात हात घालणं. अर्धशिशी म्हणजे मायग्रेन उपचाराविना ४ ते ७२ तास टिकते. बहुतेकदा एका बाजूला ठणकते, चालल्या-फिरल्यावर वाढते, सोबत मळमळ असते किंवा उजेड आणि आवाज सहन होत नाहीत. ताणाची डोकेदुखी दोन्ही बाजूंनी, पट्टा आवळल्यासारखी असते. त्यात माणूस बेजार होतो, पण हिंडू-फिरू शकतो. क्लस्टर डोकेदुखी अगदी वेगळी: एका डोळ्याभोवती भयंकर कळ, त्याच डोळ्यातून पाणी, १५ मिनिटं ते ३ तास, आणि दिवसातून अनेकदा येऊ शकते. अर्धशिशीवाला अंधाऱ्या खोलीत निपचित पडतो, तर क्लस्टरवाल्याला एका जागी बसवत नाही. क्लस्टरमध्ये मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन किंवा सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन देतात. कळ बऱ्याचदा जेमतेम तासभराची असते, तिथे हळू विरघळणाऱ्या गोळीचा उपयोग काय?

पुढचा बराचसा मजकूर अर्धशिशीबद्दल आहे, कारण पर्याय सगळ्यात जास्त तिथेच आहेत. विचार करायची पद्धत मात्र सगळीकडे तीच.

पायरी ३: चार आठवड्यांची डायरी

आठवणीवर विसंबू नका. आपल्याला मोठे अटॅक आठवतात, लहानसहान दुखणी विसरतात. डायरी ठेवायची म्हणजे पानभर लिहायचं नाही. तारीख, किती वाजता सुरू झालं, ० ते १० मध्ये किती, काय घेतलं आणि किती वाजता, दोन तासांनी कसं होतं, दुसऱ्या दिवशी कसं होतं, आणि कोणतं काम बुडालं, एवढं पुरे. स्त्रियांनी पाळीची तारीखही टिपावी. कागद चालतो, मोबाईलही चालतो.

एक रकाना मात्र चुकवू नका: महिन्यात किती *दिवस* वेदनाशामक घेतलं. साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानसारखी अर्धशिशीची खास औषधं), मिश्र वेदनाशामकं आणि अफूवर्गीय औषधं १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्याच डोकेदुखी निर्माण करू लागतात. डायरीत हा आकडा मोठा निघाला तर पुढची सगळी चर्चा बदलते. कोणती गोळी चांगली हा प्रश्न मागे पडतो आणि गोळ्या कमी कशा करायच्या हा पुढे येतो.

पायरी ४: तुम्हाला सगळ्यात जास्त काय छळतं?

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

बहुतेकांना वाटतं, अर्थातच दुखणं छळतं! पण जरा थांबून विचार करा. काहींना वेदना सोसवते, पण मळमळीमुळे घोटभर पाणीही पोटात राहत नाही. काहींना पडद्याच्या फटीतून येणारा उजेड नकोसा होतो. काहींचं दुखणं थांबतं, पण दुसरा दिवस डोक्यात भुसा भरल्यासारखा जातो. काहींना अटॅकपेक्षा अटॅकची धास्ती जास्त असते: प्रवास ठरवावा का, मुलांना शब्द द्यावा का, मीटिंग घ्यावी का.

औषधांच्या चाचण्या करणाऱ्यांनीही हे मान्य केलं आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये अर्धशिशीच्या तात्काळ, म्हणजे अटॅक आल्यावर घ्यायच्या, औषधांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात दोन गोष्टी मोजायला सांगितल्या. पहिली, दोन तासांनी वेदना पूर्ण गेली का. दुसरी, रुग्णाने स्वतः निवडलेलं सर्वात त्रासदायक लक्षण गेलं का. म्हणजे चाचणीतसुद्धा प्रत्येकाला त्याचं लक्षण विचारलं जातं. मग ते तपासणीच्या खोलीत का विचारलं जाऊ नये?

रुग्णांना तात्काळ औषधाकडून काय हवं असतं, याची अमेरिकेत सर्वेक्षणं झाली आहेत. त्यांतल्या एका गाजलेल्या सर्वेक्षणात वेदना पूर्णपणे जाणं ८७ टक्क्यांना, ती परत न येणं ८६ टक्क्यांना आणि लवकर आराम पडणं ८३ टक्क्यांना महत्त्वाचं वाटलं. डॉक्टर मात्र अनेकदा "थोडं कमी झालं ना?" यावर समाधान मानतात. थोडं कमी झाल्यावर तुम्ही कामाला लागू शकत नसाल, तर तसं स्पष्ट सांगा.

आता कागदावर तीन ओळी लिहा. मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. मला काय करता यायला हवं (गाडी चालवणं, वर्गात शिकवणं, रात्रपाळी, तान्ह्या बाळाला सांभाळणं). आणि मला कोणता दुष्परिणाम अजिबात चालणार नाही. या तीन ओळी पुढच्या प्रत्येक पायरीला लागतील.

पायरी ५: अटॅक आल्यावर घ्यायचं औषध

इथे चार प्रश्न आहेत: ताकद किती, वेग किती, कोणत्या रूपात, आणि उलटतं का.

ताकदीबद्दल आकडे खरे सांगितले तर अनेकांना धक्का बसतो. मध्यम किंवा तीव्र अर्धशिशीत दोन तासांनी वेदना *पूर्ण* गेली असे रुग्ण १०० मध्ये किती, याचे कॉक्रेन आढाव्यांतले (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेले) आकडे असे: पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, १९. ॲस्पिरिन ९०० ते १००० मिलिग्रॅम, २४. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, २६. सुमाट्रिप्टानची ५० मिलिग्रॅमची गोळी, २८. १०० मिलिग्रॅमची, ३२. सुमाट्रिप्टान ६ मिलिग्रॅम त्वचेखालच्या इंजेक्शनने, ५९. नुसत्या औषध नसलेल्या गोळीनेसुद्धा साधारण १० ते १२ जणांची वेदना जाते, इंजेक्शनच्या चाचण्यांत १५ जणांची. वेगवेगळ्या चाचण्यांतले रुग्ण वेगवेगळे असतात, त्यामुळे २६ आणि २८ मधल्या फरकावर भांडण्यात अर्थ नाही. यातून घ्यायचं ते एवढंच: पहिल्या गोळीने जमलं नाही तर तो तुमचा दोष नाही, आणि एक औषध लागू पडलं नाही म्हणून सगळी निकामी असंही नाही. एका ट्रिप्टानने फरक पडला नाही तरी दुसऱ्याने पडू शकतो.

रूपाचं महत्त्व मळमळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. अर्धशिशीत पोटाची हालचाल मंदावते, गोळी पोटातच रेंगाळते. पहाटे झोपेतून उठवणारा, उठताक्षणी पूर्ण भरात असलेला अटॅक असेल तर नाकातला स्प्रे किंवा इंजेक्शन याबद्दल जरूर विचारा. मळमळीवरचं औषध सोबत घेतल्यानेही फायदा होतो. जिभेवर विरघळणाऱ्या गोळीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. ती तोंडात विरघळते म्हणून लवकर चढते असं लोकांना वाटतं, पण औषध शोषलं जातं ते पुढे पोटात आणि आतड्यातच. तिची सोय एवढीच की पाणी लागत नाही. ज्याला पाण्याच्या घोटानेही उलटी होते, त्याला तीही सोय पुष्कळ आहे.

इंजेक्शन सगळ्यात जोरदार असूनही अनेकजण नाकारतात. सुईची भीती, चारचौघांत टोचून घेण्याचा संकोच, छातीत-गळ्यात दाटल्यासारखी भावना, ही सगळी कारणं खरी आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. काहीजण मधला मार्ग काढतात: नेहमीच्या अटॅकला गोळी आणि अगदी वाईट अटॅकसाठी इंजेक्शन. दोन वेगळ्या अटॅकसाठी दोन वेगळी औषधं असू शकतात, हे कळायला मला फार उशीर लागला.

दुखणं २४ तासांत पुन्हा उलटत असेल तर हळू पण जास्त वेळ टिकणारी ट्रिप्टान असतात, उदाहरणार्थ नाराट्रिप्टान आणि फ्रोवाट्रिप्टान. तिथे वेगाच्या बदल्यात टिकाऊपणा मिळतो. हा सौदा कोणाला परवडेल? ज्याचा अटॅक हळूहळू चढतो त्याला. ज्याला अर्ध्या तासात मंचावर उभं राहायचंय त्याला नाही.

हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान बाद. अशांसाठी गेपँट गटातली औषधं (उब्रोगेपँट, रिमेगेपँट) किंवा लास्मिडिटान पुढे आली आहेत. लास्मिडिटान घेतल्यावर ८ तास गाडी चालवायची नसते. ज्याची रोजीरोटी गाडीवर आहे, त्याच्यासाठी हा एक मुद्दाच निर्णायक. आम्लपित्ताचा अल्सर, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. १६ वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही.

आणि इथेच एक खरी ओढाताण आहे. "दुखणं हलकं असतानाच गोळी घ्या" हा सल्ला बरोबर आहे, लवकर घेतलेली गोळी जास्त चांगली लागू पडते. "महिन्यात जास्त दिवस घेऊ नका" हाही सल्ला बरोबर आहे. महिन्यातून तीन अटॅक येणाऱ्याला दोन्ही पाळता येतात. बारा येणाऱ्याला नाही. तो प्रत्येक वेळी गोळी हातात घेऊन "आत्ता घेऊ की वाचवून ठेवू?" असा विचार करत बसतो, आणि बहुतेकदा उशीर करतो. तुमचं असं होत असेल तर प्रश्न गोळीचा उरलेला नाही, प्रतिबंधाचा झाला आहे.

पायरी ६: अटॅक येऊच नयेत म्हणून

रोजचं औषध घ्यायचं की नाही, याला आकड्याची सक्त सीमा नाही. महिन्यातले चारेक दिवस अर्धशिशीत जात असतील आणि त्याने कामात अडथळा येत असेल तर बोलायला हरकत नाही. एखाद्याला दोनच अटॅक येतात, पण प्रत्येकात तीन दिवस अंथरूण. त्यालाही हक्क आहेच. उलट सहा अटॅक येऊनही कोणी म्हणेल, "मला रोज गोळी नको, अटॅकच्या वेळच्या गोळीने माझं भागतं." गोळ्यांच्या दिवसांची मर्यादा पाळली जात असेल तर तोही शहाणा निर्णय आहे.

प्रतिबंधक औषधांत निवड दुष्परिणामांवरून होते, म्हणून तुमची तिसरी ओळ इथे काढा. अमिट्रिप्टिलीनने झोप येते आणि तोंड कोरडं पडतं, वजनही वाढू शकतं. ज्याला रात्री झोपच लागत नाही, त्याला हाच दुष्परिणाम उपकारक ठरतो. टोपिरामेटने वजन घटू शकतं, पण बोटांना मुंग्या येतात आणि ऐनवेळी शब्द आठवत नाहीत. शिक्षक, वकील, निवेदक यांनी हे आधीच सांगून ठेवावं. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही आणि व्यायाम करताना दमल्यासारखं होऊ शकतं, पण रक्तदाब किंवा हातांचा थरकाप असेल तर एका औषधात दोन कामं होतात. फ्लुनारिझीनने वजन आणि झोप वाढते, मन खिन्न होऊ शकतं, त्यामुळे पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर लपवू नका. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट गर्भाला घातक आहेत. मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी, हा विषय स्वतः काढावा. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक किंवा अंधारी येत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दलही विचारा, कारण दोन्ही मिळून पक्षाघाताचा धोका वाढतो.

ज्यांना रोज गोळी लक्षात राहत नाही किंवा तिचे परिणाम सोसत नाहीत, त्यांच्यासाठी इंजेक्शनं आहेत. २०१८ पासून आलेली सीजीआरपीविरोधी (अर्धशिशीत वाढणाऱ्या सीजीआरपी या द्रव्याला अडवणारी) इंजेक्शनं (एरेनुमॅब, फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब) महिन्यातून एकदा स्वतः टोचता येतात. फ्रेमानेझुमॅब तीन महिन्यांतून एकदाही घेता येतं. यांना गुंगी नाही, पण एरेनुमॅबने बद्धकोष्ठता आणि रक्तदाब वाढू शकतो, आणि ही औषधं महाग आहेत. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी असणाऱ्या जुनाट अर्धशिशीत बोट्युलिनम टॉक्सिन (बोटॉक्स) देतात: दर १२ आठवड्यांनी, कपाळ, डोकं, मान आणि खांद्यांवर किमान ३१ ठिकाणी बारीक टोचण्या. काहींना हे ऐकूनच नको वाटतं. काही म्हणतात, वर्षातून चार-पाच वेळा जाऊन यायचं आणि मधले दिवस विसरायचं, याहून सोपं काय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पायरी ७: औषधाशिवायचे मार्ग

अनेकांना गोळ्याच नको असतात, आणि डॉक्टर रागावतील म्हणून ते तसं बोलत नाहीत. बोला. नियमित व्यायाम, स्नायू शिथिल करण्याचं प्रशिक्षण, बायोफीडबॅक (यंत्रावर शरीरातला ताण पाहून तो कमी करायला शिकणं), वर्तनोपचार यांना संशोधनाचा आधार आहे. कपाळावर लावून चेतातंतूला सौम्य विद्युत उत्तेजन देणारी उपकरणंही आहेत. या सगळ्याची किंमत वेळात मोजावी लागते, आठवडेच्या आठवडे सराव लागतो. रोज वीस मिनिटं काढता येणार नाहीत हे माहीत असताना "हो, करेन" म्हणू नका. आणि 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असं समजू नका. बटरबर नावाच्या वनस्पतीचा अर्क एकेकाळी अर्धशिशीसाठी सुचवला जायचा, पुढे यकृताला इजा होण्याच्या भीतीने तो मागे पडला.

पायरी ८: डॉक्टरांसमोरचं बोलणं

वेळ थोडा असतो, म्हणून सुरुवातीलाच सांगा: "मला महिन्यात नऊ दिवस दुखतं, त्यांतले पाच दिवस काम बुडतं. सगळ्यात जास्त त्रास मळमळीचा. मी दिवसभर गाडी चालवतो, त्यामुळे झोप आणणारं औषध नको." या तीन वाक्यांना अर्धा मिनिट लागतो, आणि पर्याय निम्मे गळून पडतात.

मग विचारा: माझ्यासाठी दोन-तीन पर्याय कोणते? काहीच केलं नाही तर काय होईल? या औषधाने बरं वाटणारे शंभरात किती? किती दिवसांनी कळेल? चाललं नाही तर पुढे काय? डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला हवं ते घ्या," तर ती निवड नव्हे, हात झटकणं आहे. अशा वेळी म्हणा, "माझ्या जागी तुम्ही असता, आणि माझी अडचण ही असती, तर काय निवडलं असतं?" काहींना मात्र निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा असं मनापासून वाटतं. तीही पसंतीच आहे. फक्त तीन ओळी सांगून मग निर्णय त्यांच्यावर सोपवा.

किशोरवयीन मूल असेल तर उत्तरं त्यालाच देऊ द्या. आईवडिलांना शाळा बुडण्याची काळजी असते. मुलाला कदाचित खेळ बुडण्याचं, किंवा वर्गात उलटी होण्याचं दुःख मोठं असतं.

पायरी ९: आधी माप ठरवा, मग औषध सुरू करा

तात्काळ औषध दोन-तीन अटॅकमध्ये, योग्य मात्रेत आणि वेळेवर घेऊन पाहा. प्रत्येक वेळी डायरीत चार उत्तरं: दोन तासांत वेदना गेली का, छळणारं लक्षण गेलं का, २४ तासांत परत आलं का, काम करता आलं का. प्रतिबंधक गोळीला पूर्ण मात्रेवर ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. दहा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडलेली औषधं मी स्वतः दोन तरी मोजू शकते. दुखण्याचे दिवस निम्म्याने घटले तर ते यश मानतात. दहाचे पाच झाले तर ते यशच आहे, पण शून्याची आशा धरून बसलात तर अपयश वाटेल, म्हणून आकडा सुरू करतानाच बोलून घ्या. दुष्परिणाम सोसत नसेल तर गुपचूप बंद न करता फोन करा, बऱ्याचदा मात्रा कमी करून किंवा रात्री घेऊन भागतं.

सहा महिने ते वर्षभर बरं गेलं की औषध कमी करण्याचा विषय काढता येतो. काहींना लवकरात लवकर सुटका हवी असते, काहींना परीक्षा किंवा नोकरीतला कठीण काळ संपेपर्यंत हात लावायचा नसतो. वेळ तुम्ही सुचवा, पद्धत डॉक्टरांना ठरवू द्या. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं एकदम बंद करायची नसतात, ती पायरीपायरीने उतरवतात. त्या काळात डायरी पुन्हा सुरू करा आणि पुढचे तीन महिने चालू ठेवा.